‘रेकॉर्डिंग चालू आहे का?’ : एजंटच्या हाती द्यायच्या स्क्रीन रेकॉर्डिंग टूलचं डॉक्युमेंटेशन

सोमवारी सकाळी दहाला बाणेरच्या ऑफिसात पोचलो तर टेस्टिंगच्या मशीनची डिस्क भरलेली. डिस्क २५६ जीबीची आणि त्यात एकच एमकेव्ही व्हिडिओ फाइल ७१ जीबीची. उघडून पाहिली. रेकॉर्डिंग शुक्रवारी संध्याकाळी सातला सुरू झालेलं. पहिली चार मिनिटं आमचा एजंट, म्हणजे स्वतः टूल चालवून कामं करणारा एआय प्रोग्राम, एका वेब फॉर्ममध्ये माहिती भरताना दिसतो, आणि पुढचे जवळजवळ ६३ तास बहुतेक वेळ नुसता डेस्कटॉप. कोपऱ्यातलं घड्याळ तेवढं बदलत राहतं.

हिशोब सरळ आहे. बिटरेट स्थिर ठेवलेला, २५०० किलोबिट प्रतिसेकंद. म्हणजे मिनिटाला पावणेएकोणीस एमबी, तासाला सव्वा अकराशे एमबी. ६३ तासांचे ७१ जीबी होणारच.

एजंटची चूक शोधायला लॉग उघडला, तर सापडेना. त्याला सांगितलं होतं, ‘फॉर्म भर आणि भरतानाचं रेकॉर्डिंग कर.’ त्याने रेकॉर्डिंग सुरू केलं, फॉर्म भरला, ‘काम झालं’ म्हणाला आणि त्याचं सेशन संपलं. सेशन संपलं तरी रेकॉर्डिंग आपोआप थांबत नाही, हे टूलच्या वर्णनात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते वर्णन मी लिहिलेलं होतं. ‘स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करते.’ बस्स, चार शब्द.

दहाबारा वर्षं माणसांसाठी मॅन्युअल लिहून माझ्या हाताला एक सवय लागली होती. वाचणाऱ्याला लाल ठिपका दिसतोच, अडलं तर तो शेजारच्याला विचारतोच, असं धरून चालायचं. एजंटला लाल ठिपका दिसत नाही. तो आपणहून विचारत नाही. कालच्या सेशनमध्ये काय केलं हे त्याला आज आठवत नाही. तुम्ही लिहिलेली दोनचार वाक्यं आणि टूलकडून येणारं उत्तर, एवढंच त्याचं जग. त्या सोमवारनंतर सगळं डॉक्युमेंटेशन पुन्हा लिहिलं. ते कसं, हे इथे क्रमाने मांडतो.

आधी आमची मांडणी. रेकॉर्डिंगचं खरं काम ओबीएस स्टुडिओ हा स्क्रीन रेकॉर्ड करणारा प्रोग्राम करतो. त्याला बाहेरून हुकूम देण्यासाठी वेबसॉकेटची, म्हणजे दोन प्रोग्रामना एकमेकांशी बोलता येईल अशा जोडणीची, सोय आहे. २०२२ मध्ये आलेल्या २८ व्या आवृत्तीपासून ती ओबीएसमध्येच अंतर्भूत आहे, वेगळं प्लगइन लागत नाही, आणि तिचा नेहमीचा पोर्ट ४४५५. एजंट आणि ओबीएस यांच्या मध्ये आमचा एक छोटा सर्व्हर आहे. तो मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी बोलतो. हा प्रोटोकॉल अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. प्रत्येक टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा जेसन स्कीमा (टूलला कुठली माहिती कुठल्या रूपात द्यायची याचा ठरलेला आराखडा) सर्व्हरने एजंटला द्यायचा, अशी त्याची पद्धत. तुमच्याकडे ओबीएसऐवजी एफएफएमपेग हा व्हिडिओचा प्रोग्राम असेल किंवा स्वतः लिहिलेला रेकॉर्डर असेल, तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल. कोडमध्ये टूलची नावं रोमन लिपीत असतात आणि वर्णनंही आम्ही इंग्रजीत ठेवतो. इथे सगळं मराठीत उतरवलं आहे.

पायरी १ : लिहायच्या आधी टूल हाताने चालवा

डेव्हलपरकडून फंक्शनची यादी घेऊन लिहायला बसू नका. टूल चालू करा आणि कागदावर एक तक्ता आखा. आडव्या ओळीत अवस्था : थांबलेलं, चालू, पॉज. उभ्या रांगेत हुकूम : स्टार्ट, स्टॉप, पॉज, रिझ्यूम. बारा घरं होतात. प्रत्येक घरातला प्रयोग हाताने करायचा आणि टूलने काय उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं. चहा धरून दीड तासाचं काम.

चालू असताना पुन्हा स्टार्ट दिलं तर ओबीएस ५०० क्रमांकाची एरर देतो, म्हणजे ‘आउटपुट आधीच चालू आहे’. थांबलेलं असताना स्टॉप दिलं तर ५०१. आधीच पॉज असताना पुन्हा पॉज केलं तर ५०२, आणि पॉज नसताना रिझ्यूम केलं तर ५०३. हे क्रमांक डॉक्युमेंटेशनमध्ये सापडतात. पण तुमचा मधला सर्व्हर ते एजंटपर्यंत जसेच्या तसे पोचवतो, गिळून टाकतो, की सगळ्याचं एकच ‘काहीतरी चुकलं’ करतो, हे तक्ता भरल्याशिवाय कळत नाही. आमचा सर्व्हर चारही एरर एकाच वाक्यात गुंडाळत होता. हे मला डेव्हलपरने सांगितलं नव्हतं, त्यालाच माहीत नव्हतं.

तक्त्यात न मावणाऱ्या दोन अवस्था आहेत : ‘सुरू होतंय’ आणि ‘थांबतंय’. ओबीएस त्या वेगळ्या कळवतो. माणसाला हा अर्धा सेकंद जाणवत नाही. एजंट मात्र स्टार्टचं उत्तर येताक्षणी पहिला क्लिक करून मोकळा होतो, आणि मग रेकॉर्डिंगमध्ये पहिला क्लिकच नसतो. तुमचं टूल ‘सुरू झालं’ अशी खात्री करून उत्तर देतं की हुकूम पोचल्याबरोबर देतं, हे एका वाक्यात लिहायलाच हवं. दुसऱ्या प्रकारचं असेल तर डेव्हलपरला पहिल्या प्रकारचं करायला लावा. डॉक्युमेंटेशन लिहिताना सापडलेल्या अशा गोष्टी कोडमध्ये दुरुस्त झालेल्या बऱ्या. त्यांच्यावर सूचनांची ठिगळं लावत बसू नये.

पॉजबद्दल एक सूचना. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंगची क्वालिटी ‘स्ट्रीमसारखीच’ अशी ठेवली असेल तर पॉज करता येत नाही. आम्ही शेवटी पॉज आणि रिझ्यूम एजंटला दिलेच नाहीत. तुकडे वेगळे रेकॉर्ड करायचे. हुकूम चाराचे दोन झाले आणि माझं निम्मं काम वाचलं.

पायरी २ : वर्णन पाटीसारखं लिहा

पुणेरी पाट्यांवर विनोद पुष्कळ होतात, पण लिहिणारा म्हणून मला त्यांचा आदर आहे. ‘येथे वाहने उभी करू नयेत’ ही सरकारी पाटी, ती कुणी वाचत नाही. ‘फाटकासमोर गाडी लावल्यास चाकातील हवा सोडण्यात येईल’ ही सदाशिव पेठेतली. हिच्यात जागा आहे, कृत्य आहे आणि परिणाम आहे. शिवाय कुणीतरी आधी गाडी लावून गेलेलं आहे, हेही वाचताच कळतं. टूलच्या वर्णनातलं प्रत्येक वाक्य असं, घडलेल्या प्रसंगातून आलेलं हवं.

आमचं नवं वर्णन साधारण असं आहे :

‘निवडलेल्या स्क्रीनचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू करते आणि पहिली फ्रेम लिहिली गेल्यावरच उत्तर देते. एखादी कृती घडताना दाखवायची असेल तेव्हा वापरा. स्क्रीनची सध्याची स्थिती फक्त पाहायची असेल तर स्क्रीनशॉटचं टूल वापरा. एका वेळी एकच रेकॉर्डिंग चालू शकतं. तुमचं सेशन संपलं तरी रेकॉर्डिंग थांबत नाही. काम झाल्यावर स्टॉप द्या. स्टॉप न दिल्यास कमाल अवधी संपताच ते आपोआप थांबतं.’

सात वाक्यं. पहिल्यात काम आणि उत्तर कधी येतं ते. दुसऱ्या-तिसऱ्यात कधी वापरावं, कधी नाही. ही वाक्यं पुष्कळ जण गाळतात आणि मग एजंट बटणाचा रंग बघायलाही तीन मिनिटांचा व्हिडिओ काढतो. चौथं आणि पाचवं अवस्थेबद्दल. शेवटची दोन त्या सोमवारची.

याहून लांब लिहू नका. ही वर्णनं बहुतेक एजंटांच्या प्रत्येक संभाषणात सोबत जातात, त्यांचे टोकन, म्हणजे एजंट मजकूर ज्या तुकड्यांत वाचतो ते, खर्ची पडतात. दहा टूल असतील आणि प्रत्येकाचं वर्णन पानभर असेल, तर एजंटचं मूळ कामावरचं लक्षही पातळ होतं. इतिहास, कारणं, इन्स्टॉलेशन हे सगळं माणसांच्या पानावर.

आता टॉगलबद्दल. ओबीएसकडे ‘टॉगल रेकॉर्ड’ असाही हुकूम आहे : चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. आमच्या टीमला तो फार आवडला होता, एका टूलमध्ये दोन कामं. मी तो काढायला लावला. जिन्यातला टू-वे स्विच आठवा. वरून दाबला, खालून दाबला, दिवा आत्ता लागलाय की नाही हे बघूनच कळतं, स्विचकडे बघून नाही. एजंट अंधारात तो स्विच दाबतो. त्यात नेटवर्क अडखळलं, पहिल्या कॉलचं उत्तर आलं नाही आणि त्याने तोच कॉल पुन्हा पाठवला, तर सुरू झालेलं रेकॉर्डिंग बंद होतं, आणि एजंटला वाटतं चालू आहे. स्टार्ट दोनदा गेलं तर निदान ‘आधीच चालू आहे’ एवढं कळतं.

एमसीपीच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून टूलला काही खुणा जोडता येतात : हे फक्त वाचतं का, काही नष्ट करतं का, पुन्हा चालवलं तर परिणाम बदलतो का. त्या भराव्यात. ‘स्टेटस’ला फक्त वाचणारं अशी खूण लावा, ‘फाइल डिलीट’ला नष्ट करणारं अशी. पण या खुणा म्हणजे नुसते इशारे. समोरचं क्लायंट, म्हणजे एजंट ज्यातून चालतो तो प्रोग्राम, त्या मानेलच असं नाही, आणि अनोळखी सर्व्हरच्या खुणांवर त्याने विसंबूही नये, असंच प्रोटोकॉल सांगतो. म्हणून जे महत्त्वाचं आहे ते वर्णनात शब्दांनीही लिहायचं.

पायरी ३ : पॅरामीटर आणि त्यांची एककं

हा भाग कंटाळवाणा दिसतो आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

आमच्या एजंटने एकदा रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘रेकॉर्डिंग २५ तासांचं झालं आहे.’ प्रत्यक्षात ते दीड मिनिटाचं होतं. ओबीएस रेकॉर्डिंगचा कालावधी मिलिसेकंदांत देतो, उत्तर आलं ९००००, आणि फील्डचं नाव नुसतं ‘ड्युरेशन’. त्याने सेकंद धरले. ९०००० सेकंदांचे बरोबर २५ तास होतात, गणितात त्याची चूक नाही. आता एकक आम्ही नावातच घातलं आहे : ‘कालावधी_सेकंद’, ‘आकार_बाइट’, ‘कमाल_अवधी_सेकंद’. वर्णनात लिहिलेलं एकक वाचायचं राहू शकतं, नावातलं राहत नाही.

‘कमाल_अवधी_सेकंद’ हा पॅरामीटर आम्ही त्या सोमवारी दुपारीच जोडला. दिला नाही तर ९००, म्हणजे पंधरा मिनिटं, आणि ३६०० च्या वर स्वीकारत नाही. अशा तीन गोष्टी प्रत्येक आकड्यासाठी लिहा : न दिल्यास काय, किमान-कमाल किती, आणि मर्यादेबाहेर दिल्यास एरर येते की टूल गुपचूप कापून घेतं. आमचं टूल आधी गुपचूप कापायचं. एजंटने दोन तास मागितले, टूलने ‘ठीक आहे’ म्हटलं आणि एका तासाने थांबलं. आता ते एरर देतं.

फाइल कुठे ठेवायची तो पाथ पूर्ण द्यायचा की सापेक्ष, हे लिहा. विंडोजवर उलटा स्लॅश जेसनमध्ये दोनदा लिहावा लागतो, त्याचं उदाहरण द्या. फाइलच्या नावात वेळ घालायची असेल तर विसर्गचिन्हासारखे ते दोन टिंब विंडोजला चालत नाहीत. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहे की भारतीय, तेही लिहा. साडेपाच तासांच्या फरकामुळे रात्री बारानंतरच्या रेकॉर्डिंगवर आदल्या दिवसाची तारीख पडते आणि मग ‘कालची फाइल कुठाय?’ म्हणून अर्धं ऑफिस शोधत बसतं.

स्क्रीनचा क्रमांक शून्यापासून की एकापासून? स्क्रीनचा तुकडा निवडायचा तर मोजमाप कुठल्या पिक्सेलमध्ये? मॅकच्या रेटिना स्क्रीनवर सिस्टीम १४४० बाय ९०० सांगते आणि कॅप्चर २८८० बाय १८०० चं होतं. एजंटने स्क्रीनशॉटवरून मोजलेले आकडे रेकॉर्डिंगला दिले, तर चौकट भलतीकडेच पडते. एक वाक्य लिहून टाका : ‘सर्व आकडे कॅप्चर झालेल्या चित्राच्या पिक्सेलमध्ये, स्क्रीनशॉट टूलचे आकडे तसेच वापरता येतात.’ अर्थात ते खरं असेल तरच.

पायरी ४ : उत्तरात काय येतं ते पूर्ण दाखवा

प्रत्येक टूलसाठी खऱ्या उत्तराचा एक नमुना हवा. मनाने रचलेला नको, पहिल्या पायरीत उतरवून घेतलेला हवा. स्टॉपच्या उत्तरात ओबीएस तयार झालेल्या फाइलचा पाथ देतो. हा पाथ एजंटने जपून ठेवायचा आहे, हे स्पष्ट लिहा. नाहीतर तो नंतर फोल्डरमधली ‘सगळ्यात नवी फाइल’ शोधतो आणि दुसऱ्याच कुणाचं रेकॉर्डिंग रिपोर्टला जोडतो.

फाइल आहे, ती उघडते आणि तिच्यात चित्र आहे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या एमपी४ फाइलची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. मध्येच प्रोसेस मेली तर फाइल दिसते, आकारही भरपूर असतो, पण ती चालत नाही. एमकेव्हीचं तसं नाही, जिथपर्यंत लिहिलं तिथपर्यंत ती चालते. म्हणून आम्ही एमकेव्हीत रेकॉर्ड करतो आणि लागेल तेव्हा ओबीएसच्या रीमक्सने, म्हणजे व्हिडिओ तोच ठेवून फाइलचा प्रकार बदलण्याच्या सोयीने, एमपी४ करून घेतो. एफएफएमपेग वापरणाऱ्यांनी लिहावं की प्रोसेस थेट मारू नये. ‘क्यू’ पाठवावा किंवा इंटरप्ट सिग्नल द्यावा, म्हणजे ते फाइल नीट बंद करतं.

तिसरी गोष्ट जास्त फसवी. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून स्क्रीन रेकॉर्डिंगसाठी वेगळी परवानगी लागते. ती नसेल तर एरर येईलच असं नाही. रेकॉर्डिंग होतं, आणि त्यात नुसता वॉलपेपर किंवा काळोख असतो. टूलने ‘यशस्वी’ सांगितलं, एजंटने ‘यशस्वी’ सांगितलं, आणि ग्राहकासमोर डेमोला बसल्यावर काळी स्क्रीन. आमच्या स्टॉपच्या उत्तरात आता मधल्या एका फ्रेमची छोटी प्रतिमा येते आणि वर्णनात लिहिलं आहे : ‘प्रतिमेत अपेक्षित विंडो दिसत नसेल तर रेकॉर्डिंग अयशस्वी समजा आणि वापरकर्त्याला परवानगी तपासायला सांगा.’

पायरी ५ : एररमध्ये पुढची पायरी सांगा

‘कनेक्शन नाकारलं’ एवढंच लिहिलं तर एजंट पुन्हा प्रयत्न करतो. पुन्हा करतो. मग स्वतःच पोर्ट बदलून बघतो. एकदा आमच्या एजंटने ओबीएस नव्याने इन्स्टॉल करायला घेतलं होतं. उत्साहाला तोटा नाही.

प्रत्येक एररसाठी चार गोष्टी हव्यात : काय झालं, आत्ता अवस्था काय आहे, पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे का, आणि पुढे कुणी काय करायचं. दोन नमुने देतो.

‘रेकॉर्डिंग आधीच चालू आहे, ते दुसऱ्या सेशनने सुरू केलेलं असू शकतं. ते थांबवू नका. स्टेटस पाहा आणि वापरकर्त्याला विचारा.’

‘ओबीएसने पासवर्ड स्वीकारला नाही. पुन्हा प्रयत्न करू नका, उत्तर बदलणार नाही. वापरकर्त्याने सेटिंगमधला पासवर्ड तपासायला हवा.’

पहिल्या नमुन्यातलं ‘ते थांबवू नका’ हे भांडणातून आलं आहे. दोन एजंट एकाच मशीनवर काम करत होते आणि एकमेकांची रेकॉर्डिंग बंद करून आपापली सुरू करत होते. ऑफिसातल्या एसीच्या रिमोटवरून चालतं तसं.

एक तांत्रिक बाब. एमसीपीत टूलची एरर दोन प्रकारे पाठवता येते : प्रोटोकॉलची एरर म्हणून, किंवा टूलच्या उत्तरातच ‘ही एरर आहे’ अशी खूण करून. वरच्यासारख्या एरर दुसऱ्या प्रकारे पाठवा. तेव्हाच तो मजकूर मॉडेलच्या, म्हणजे एजंटमागच्या एआयच्या, वाचनात येतो आणि त्याला त्यावरून मार्ग काढता येतो. तुम्ही रात्रभर बसून सुंदर एरर लिहिल्यात आणि त्या क्लायंटच्या लॉगमध्ये पडून राहिल्या, असं होऊ नये.

पायरी ६ : माणसांचं पान वेगळं

इन्स्टॉलेशन, परवानग्या आणि जबाबदाऱ्या इथे. मॅकवर परवानगी टूलला मिळत नाही, ज्या ॲपमधून ते चालतं त्याला द्यावी लागते. टर्मिनलमधून चालवलं तर टर्मिनलला. परवानगी दिल्यावर ते ॲप बंद करून पुन्हा उघडावं लागतं, आणि २०२४ च्या सिक्वोया आवृत्तीपासून सिस्टीम ती परवानगी मधूनमधून पुन्हा विचारते. रात्री तीनला विचारली तर उत्तर द्यायला कुणी नसतं. लिनक्सवर वेलँड (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा) असेल तर कुठली स्क्रीन द्यायची हे निवडण्याची खिडकी येते, तीही निदान पहिल्यांदा माणसालाच हाताळावी लागते. वेबसॉकेटचा पासवर्ड चालू ठेवा, पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कवर उघडा टाकू नका, आणि उदाहरणांत खरा पासवर्ड चिकटवू नका. हसू नका, मी चिकटवला होता.

सर्व्हर स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून बोलत असेल तर त्याच्या कोडमध्ये साधा प्रिंटही घालू नये, लॉग एरर स्ट्रीमवर पाठवावा. नाहीतर प्रोटोकॉलच्या संदेशांत कचरा मिसळतो. नव्या मुलांचा एक दिवस हमखास इथे जातो.

खाजगीपणाबद्दल मात्र सविस्तर लिहा. स्क्रीनवर ओटीपी येतात, व्हॉट्सॲप वेब उघडं असतं, एचआरची पगाराची एक्सेल शीट मागे डोकावत असते. माणूस रेकॉर्डिंग करण्याआधी आवरासावर करतो, एजंट करत नाही. भारतात डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्यातला दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ‘आम्ही तर फक्त टेस्टिंगसाठी रेकॉर्ड करतो’ म्हणून सुटका होईल अशा भरवशावर राहू नये. आमच्या पानावर असं आहे : रेकॉर्डिंग स्वतंत्र युजर अकाउंटवरच, नोटिफिकेशन बंद, फाइल सात दिवसांनी पुसली जाते, मशीनवर बसणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगितलेलं असलं पाहिजे, आणि स्टार्टला प्रत्येक वेळी माणसाची मंजुरी. शेवटच्या अटीवर टीममध्ये कुरकुर झाली. मी ती काढू दिली नाही. सोमवारच्या त्या ६३ तासांत रविवारी दुपारी सफाईवाल्या मावशी मशीन पुसताना माउस हलला होता आणि स्क्रीनवर एक मेल उघडला गेला होता. कुणाचा ते लिहीत नाही.

पायरी ७ : डॉक्युमेंटेशनचीच परीक्षा घ्या

कोड न दाखवता, फक्त तुमचं लिखाण देऊन, एक कोरं सेशन उघडा आणि त्याला पाचसहा कामं सांगा. साधी दोन, मग अडचणीची : आधीच रेकॉर्डिंग चालू आहे, ओबीएस बंद आहे, फोल्डर अस्तित्वातच नाही. आणि मग लॉग ओळ न् ओळ वाचा.

‘दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग कर’ हे मला सगळ्यात सोपं वाटलं होतं. लॉगमध्ये दिसलं ते असं : स्टार्ट, स्टेटस, स्टेटस, स्टेटस... मोजले, एक्केचाळीस वेळा स्टेटस. त्याच्याकडे थांबण्याचं साधनच नव्हतं. दोन मिनिटं झाली का हे कळायला एकच खिडकी होती, म्हणून तो पुन्हा पुन्हा तिच्यातून डोकावत राहिला, गाडीत बसलेल्या मुलाने ‘खंडाळा आला का?’ विचारत राहावं तसा. दोष लिखाणाचा होता. ‘कमाल_अवधी_सेकंद’ला १२० दिले की काम होतं, पण ती फक्त सुरक्षेची सोय आहे असं मी लिहून ठेवलं होतं. एक वाक्य वाढवलं : ‘ठराविक लांबीचं रेकॉर्डिंग हवं असेल तर याच पॅरामीटरमध्ये ती लांबी द्या, मध्ये स्टेटस विचारण्याची गरज नाही.’ पुढच्या चाचणीत तीन कॉलमध्ये काम झालं.

दुसरी चाचणी जास्त शिकवून गेली. एजंट आमच्या नावाऐवजी भलत्याच नावाने हुकूम देत होता आणि ४४४४ पोर्टवर जात होता. ही नावं आमच्या लिखाणात कुठेच नव्हती. ती ओबीएस वेबसॉकेटच्या जुन्या, चौथ्या आवृत्तीची आहेत. त्या वेळी ‘स्टार्ट रेकॉर्डिंग’ असा हुकूम होता, पाचव्यात तो नुसता ‘स्टार्ट रेकॉर्ड’ झाला आणि पोर्टही बदलला. मॉडेलने जुने लेख वाचलेले असतात, नि आपलं पान वाचताना ते आधीचं ज्ञान सोबत असतंच. म्हणून जिथे नाव बदललं आहे तिथे नवं नाव सांगून थांबू नका. ‘जुन्या आवृत्तीतलं अमुक नाव इथे चालत नाही’ असं जुनं नाव घेऊनच लिहा.

परीक्षा प्रत्येक बदलानंतर पुन्हा घ्या, आणि वर्णनं कोडच्याच रेपॉझिटरीत ठेवा. टूल बदललं आणि वर्णन बदललं नाही, तर तो पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधला बदल घेण्याची विनंती, मंजूर करायचा नाही, असा आमचा नियम आहे. तो पाळला जातो, कारण मंजुरी देणाऱ्यांत मी आहे.

राहिला वीज जाण्याचा प्रकार. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुतेक गुरुवारी, आणि टेस्टिंगच्या मशीनचा यूपीएस वीस मिनिटं टिकतो. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर ओबीएसला आधीचं काही आठवत नाही. स्टेटस ‘थांबलेलं’ सांगतो, अर्धवट एमकेव्ही फोल्डरमध्ये पडून असते, आणि एजंटकडे तिचा पाथ नसतो, कारण तो स्टॉपच्या उत्तरात येतो आणि स्टॉप कधी झालंच नाही. त्यासाठी स्टार्टच्या उत्तरातही पाथ द्यायला सांगितलं आहे. डेव्हलपर म्हणतो पुढच्या आठवड्यात होईल. तोवर वर्णनाच्या शेवटी एक तात्पुरतं वाक्य आहे : ‘स्टेटस अनपेक्षितपणे थांबलेलं दिसल्यास नवं रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी वापरकर्त्याला विचारा, वीज गेली होती का.’